टर्मिनलवरून ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर हाताळणं: लिनक्सवर नव्यानं आलेल्यांसाठी

सेटिंग्जच्या खिडकीत हवं ते रिझोल्यूशन दिसत नाही. बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस कीबोर्डवरून हलत नाही. फोरके मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकलाय. ही सगळी कामं टर्मिनलवरून होतात, फक्त कोणती गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे हे आधी कळायला हवं.

इथे तीन थर आहेत. सगळ्यात खाली कार्ड आणि त्याचा कर्नलमधला ड्रायव्हर: वीज, तापमान, पंखा, पोर्ट त्याच्याकडे. त्यावर डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे एक्स-इलेव्हन किंवा वेलँड: रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, स्क्रीनची मांडणी त्याच्याकडे. आणि केबलच्या पलीकडे मॉनिटरचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स: ब्राइटनेस, काँट्रास्ट, इनपुट त्याच्याकडे. एका थराचं काम दुसऱ्याला सांगितलं की एकतर एरर येते, नाहीतर काम झाल्याचा भास होतो. हा भास जास्त वेळ खातो.

लिपीबद्दल एक सूचना. खाली कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, इंग्रजी अंक वापरून टाइप करा. रिझोल्यूशनमधल्या × च्या जागी ‘एक्स’ हे अक्षर येतं. कुठे मोठी अक्षरं लागत असतील तर तिथे तसं सांगितलं आहे.

काय काय लागेल

- सूडोचे (म्हणजे प्रशासकाचे) अधिकार असलेलं खातं.
- एलएसपीसीआय (एल-एस-पी-सी-आय): कार्ड आणि ड्रायव्हर ओळखायला. बहुतेक ठिकाणी आधीच असतं.
- एक्सरँडआर (एक्स-आर-ए-एन-डी-आर) आणि सीव्हीटी (सी-व्ही-टी): फक्त एक्स-इलेव्हनसाठी.
- ब्राइटनेससीटीएल (‘ब्राइटनेस’ या शब्दाला सी-टी-एल जोडून): लॅपटॉपच्या बॅकलाइटसाठी.
- डीडीसीयुटिल (डी-डी-सी-यू-टी-आय-एल): बाहेरच्या मॉनिटरशी बोलायला.
- एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया-एसएमआय. ते कंपनीच्या ड्रायव्हरबरोबरच येतं.
- शक्य असेल तर दुसरा संगणक किंवा फोन, एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून, या संगणकाच्या टर्मिनलवर येण्यासाठी. स्क्रीन काळी झाली की याची किंमत कळते.

१. कार्ड कोणतं आणि ड्रायव्हर कोणता

एलएसपीसीआय -एनएनके

यादीत ‘व्हीजीए’, ‘थ्रीडी’ किंवा ‘डिस्प्ले’ कंट्रोलर असं लिहिलेल्या ओळी शोधा. लॅपटॉपवर अशा दोन ओळी असू शकतात. प्रत्येकीच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असते. इंटेलसाठी तिथे आय९१५ किंवा एक्सई, एएमडीसाठी एएमडीजीपीयू आणि एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा एनव्हिडिया दिसायला हवं.

ही ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेलाच नाही, आणि पुढची एकही पायरी चालणार नाही. नेहमीची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे इन्स्टॉल करताना स्क्रीन दिसावी म्हणून बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ घातलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन चालवून तपासा. दिसलं तर ग्रबच्या (संगणक सुरू होताना लिनक्स लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधून काढून टाका. दुसरं कारण सिक्युअर बूट: ते चालू असताना सही नसलेलं एनव्हिडियाचं मॉड्यूल कर्नल लोडच करत नाही. मग मॉड्यूलवर सही करून ती की नोंदवावी लागते.

२. पोर्ट काय सांगतो

/सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टसाठी एक उपफोल्डर असतो, उदाहरणार्थ कार्ड१-एचडीएमआय-ए-१, कार्ड१-डीपी-१, कार्ड१-ईडीपी-१. शेवटचा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. (या नावांतलं पोर्टचं संक्षिप्त रूप मोठ्या अक्षरांत असतं, टॅब दाबून नाव पूर्ण करून घेणं सगळ्यात बरं.) आतल्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये जोडलेलं आहे की नाही ते कळतं, ‘मोड्स’मध्ये मॉनिटरला चालणारी रिझोल्यूशनं असतात आणि ‘ईडीआयडी’मध्ये मॉनिटरनं स्वतःबद्दल पाठवलेली माहिती.

ईडीआयडी वाचली जाते का, हे असं पाहा:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड१-एचडीएमआय-ए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

उत्तर १२८ च्या पटीत यायला हवं: १२८, २५६, ३८४. स्टेटस ‘कनेक्टेड’ असूनही ० आलं, तर कार्ड मॉनिटरची माहिती वाचू शकत नाही आणि म्हणून १०२४×७६८ सारख्या सुरक्षित आकारांवर थांबतं. दोष बहुतेक वेळा केबल, अॅडॉप्टर किंवा मधल्या स्विचचा असतो. आधी केबल बदला, ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. एलएस -एल मात्र या फाइलचा आकार माहिती असली तरी ० च दाखवतं. त्यावरून निष्कर्ष काढू नका, वरच्यासारखी फाइल वाचूनच मोजा.

३. एक्स-इलेव्हन की वेलँड

एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

डॉलरच्या पुढचं सगळं मोठ्या अक्षरांत. उत्तर एक्स-इलेव्हन आलं तर चौथी पायरी तुमची, वेलँड आलं तर पाचवी. वेलँडवर एक्सरँडआर चालवलं तरी ते एक यादी दाखवतं, कारण जुन्या अॅपसाठी आत एक्सवेलँड चालू असतं. पण त्या यादीवरून काही बदलता येत नाही. पोर्टचं नाव ‘एक्सवेलँड’नं सुरू होत असेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

४. एक्स-इलेव्हनवर रिझोल्यूशन आणि मांडणी

आधी परतीची वाट तयार ठेवा. नवा मोड (म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटची जोडी) लावण्यापूर्वी ही ओळ चालवा. एचडीएमआय-१ च्या जागी तुमच्या पोर्टचं नाव घाला, ते कसं काढायचं ते लगेच खाली आहे:

स्लीप २० && एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --ऑटो &

वीस सेकंदांनी मॉनिटर आपोआप त्याच्या पसंतीच्या मोडवर येईल, मधल्या काळात स्क्रीन काळी झाली तरी. बदल नीट लागला तर ‘किल %१’ देऊन हे थांबवा. यानंतरच प्रयोग करा.

नुसतं एक्सरँडआर चालवलं की पोर्टची नावं आणि प्रत्येकाचे मोड दिसतात. ताऱ्याची खूण असलेला मोड आत्ता चालू आहे, अधिकचं चिन्ह असलेला मॉनिटरला पसंत आहे. पोर्टचं नाव इथूनच घ्या, मोठी-लहान अक्षरं दिसतात तशीच ठेवून, दुसऱ्या पायरीतून नको. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो त्याला एक्स-इलेव्हन बहुधा एचडीएमआय-१ म्हणतं, आणि काही ड्रायव्हर मोजणी ० पासून सुरू करतात.

रोज लागणारे प्रकार:

- एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड १९२०×१०८० --रेट ६०
- एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --राइट-ऑफ ईडीपी-१ --प्रायमरी
- एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --रोटेट लेफ्ट
- एक्सरँडआर --आउटपुट ईडीपी-१ --ऑफ

आता यादीत नसलेला मोड. हाच भाग लोकांना सगळ्यात जास्त छळतो, म्हणून जरा सविस्तर. सीव्हीटी १९२० १०८० ६० चालवलं की एक मोडलाइन (मोडचं वर्णन करणारी आकड्यांची ओळ) मिळते आणि तिच्यातला पहिला आकडा असतो १७३.००. हा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. सिग्नलमध्ये दिसणाऱ्या ठिपक्यांबरोबर कडेचा न दिसणारा भागही जातो, त्यामुळे एक फ्रेम १९२०×१०८० ची नसून २५७६×११२० ची होते. तिला ६० नं गुणलं की साधारण १७३ मेगाहर्ट्झ येतात. सिंगल-लिंक डीव्हीआयची आणि एचडीएमआय १.३ च्या आधीच्या पोर्टांची मर्यादा १६५ आहे. म्हणजे दिसायला साधा फुलएचडी मोड, पण जुन्या पोर्टवर तो बसतच नाही.

उपाय आहे ‘-आर’. सीव्हीटी -आर १९२० १०८० ६० हे कडेचा भाग कमी करतं, फ्रेम २०८०×११११ वर येते आणि क्लॉक १३८.५० वर. सपाट पडद्यांना तो जादा भाग लागत नाही, तो जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी होता. म्हणून आजच्या मॉनिटरसाठी ‘-आर’ लावूनच सुरुवात करा. मग तीन ओळी:

एक्सरँडआर --न्यूमोड "१९२०×१०८०आर" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक

एक्सरँडआर --अॅडमोड एचडीएमआय-१ "१९२०×१०८०आर"

एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड "१९२०×१०८०आर"

पहिल्या ओळीवर ‘बॅडनेम’ आलं तर त्या नावाचा मोड आधीच आहे. नाव बदला किंवा --आरएममोडनं जुना काढा. तिसऱ्या ओळीवर ‘कॉन्फिगर सीआरटीसी फेल्ड’ आलं तर ड्रायव्हरनं नकार दिला आहे, आणि कारण बहुधा क्लॉकचंच असतं. एनव्हिडियाच्या कंपनीच्या ड्रायव्हरवर ही पद्धत बऱ्याचदा ‘बॅडमॅच’वर अडते. तिथे एनव्हिडिया-सेटिंग्जमधला मेटामोड वापरावा लागतो.

फोरके मॉनिटर ३० हर्ट्झवर का अडकतो, याचं उत्तरही याच गणितात आहे. ३८४०×२१६० ला ६० हर्ट्झवर ५९४ मेगाहर्ट्झ लागतात, ३० वर २९७. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४०, २.० ची ६००. कार्ड, केबल, अॅडॉप्टर आणि मॉनिटरचं तेच पोर्ट, यातलं एक जरी १.४ चं असेल तर ६० मिळणार नाही, कितीही मोडलाइन लिहा. काही मॉनिटरमध्ये २.० हा पर्याय त्यांच्या स्वतःच्या मेन्यूत बंद असतो. तो एकदा पाहून घ्या.

रंग फिके आणि काळा रंग राखाडी दिसत असेल तर एक्सरँडआर --प्रॉप चालवा. इंटेलच्या ड्रायव्हरवर ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ नावाचा गुणधर्म दिसेल. कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित पट्टी, १६ ते २३५, पाठवत असतं. --सेटनं हा गुणधर्म ‘फुल’ करा. नाव आणि किंमत अवतरणचिन्हांत, पहिली अक्षरं आणि आरजीबी मोठ्या अक्षरांत.

आणि तो भास: एक्सरँडआर --ब्राइटनेस ०.५. स्क्रीन अंधारते, पण बॅकलाइट तेवढाच जळत राहतो. फक्त पाठवलेले रंग गडद होतात. बॅटरी वाचत नाही आणि काँट्रास्ट बिघडतो. खरा ब्राइटनेस सहाव्या आणि सातव्या पायरीत आहे.

५. वेलँडवर

इथे प्रत्येक डेस्कटॉपची कमांड वेगळी. केडीईवर केस्क्रीन-डॉक्टर, स्वेवर स्वेएमएसजी आउटपुट, डब्ल्यूएलरूट्सवर उभ्या असलेल्या इतर डेस्कटॉपवर डब्ल्यूएलआर-रँडआर, नोम ४८ पासून जीडीसीटीएल. परतीच्या वाटेची वरची युक्ती इथेही तशीच चालते, शेवटची कमांड तेवढी बदला.

६. लॅपटॉपचा पडदा

/सिस/क्लास/बॅकलाइट मध्ये एक फोल्डर असतो, उदाहरणार्थ इंटेल_बॅकलाइट. ‘मॅक्स_ब्राइटनेस’मधला आकडा वाचा, तो १०० असेलच असं नाही, १५ ही असू शकतो आणि हजारोंतही. ब्राइटनेससीटीएल सेट ४०% हे गणित स्वतः करतं.

हातानं लिहायचं असेल तर एक सापळा आहे. ‘सूडो एको ३०० > ब्राइटनेस’ चालत नाही, परवानगी नाकारली जाते. कारण सूडो फक्त एकोला मिळतो, फाइल उघडण्याचं काम तुमचा साधा शेल करतो. असं लिहा:

एको ३०० | सूडो टी /सिस/क्लास/बॅकलाइट/इंटेल_बॅकलाइट/ब्राइटनेस

‘टी’ म्हणजे टी-ई-ई. ० लिहू नका. काही पडदे त्यावर पूर्ण अंधारतात.

७. बाहेरचा मॉनिटर: डीडीसी

व्हिडिओच्या केबलमध्येच एक संथ, दोन तारांची आय-टू-सी वाहिनी असते. ईडीआयडी तिच्यावरूनच येते, आणि मॉनिटरच्या बटणांची बहुतेक कामं तिच्यावरून सांगता येतात. या भाषेला डीडीसी/सीआय म्हणतात. तयारी अशी:

सूडो मॉडप्रोब आय२सी-डेव्ह

डीडीसीयुटिल डिटेक्ट

मॉनिटर दिसला नाही तर क्रमानं हे पाहा. मॉनिटरच्या मेन्यूत ‘डीडीसी/सीआय’ चालू आहे का. बंद असण्याचं प्रमाण बरंच असतं. सूडोनं दिसतो आणि सूडोशिवाय नाही, असं असेल तर तुमचं खातं आय२सी गटात घाला आणि लॉगआउट करून परत या (नव्या आवृत्त्या हा अधिकार स्वतःच देतात). मध्ये डॉक, केव्हीएम (एकच मॉनिटर अनेक संगणकांना जोडणारा स्विच) किंवा अॅडॉप्टर असेल तर तो काढून थेट जोडून पाहा. टीव्ही ही भाषा सहसा बोलत नाहीत. लॅपटॉपचा पडदा तर ‘इनव्हॅलिड डिस्प्ले’ म्हणूनच येतो आणि ते बरोबर आहे.

मग:

डीडीसीयुटिल गेटव्हीसीपी १०

डीडीसीयुटिल सेटव्हीसीपी १० ४०

पहिला आकडा हा कोड: १० म्हणजे ब्राइटनेस, १२ काँट्रास्ट, ६० इनपुट, ६२ आवाज, डी६ वीज. थोडंसं वाढवायचं असेल तर ‘सेटव्हीसीपी १० + ५’, अधिकच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून. तुमचा मॉनिटर यातलं काय मानतो ते डीडीसीयुटिल कॅपॅबिलिटीज सांगतं. मात्र ती यादी मॉनिटर स्वतःच देतो आणि ती नेहमी खरी नसते. प्रत्यक्ष लिहून, परत वाचून खात्री करा.

इनपुट बदलताना सगळ्यांचा पाय एकाच ठिकाणी घसरतो. यादीत ‘११: एचडीएमआय-१’ दिसतं, म्हणून लोक ‘सेटव्हीसीपी ६० ११’ लिहितात आणि काहीच होत नाही. कोड नेहमी सोळांच्या पद्धतीत वाचला जातो, पण किंमत दहांच्या. म्हणून किंमतीआधी ‘०एक्स’ हवं:

डीडीसीयुटिल सेटव्हीसीपी ६० ०एक्स११

प्रमाणित किंमती: ०एफ आणि १० डिस्प्लेपोर्टसाठी, ११ आणि १२ एचडीएमआयसाठी. काही कंपन्या वेगळ्या वापरतात. दुसऱ्या इनपुटवर गेल्यावर काही मॉनिटर आधीच्या केबलवरून आलेल्या कमांड ऐकतच नाहीत, तेव्हा परत येण्याची सोय दुसऱ्या संगणकावरही करून ठेवा. डी६ ला ५ दिलं की मॉनिटर बटण दाबल्यासारखा बंद होतो, आणि मग तो उठेल तो बहुधा बटणानंच.

कोड ०४ ला हात लावू नका. तो मॉनिटरची सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी करतो.

दोन मॉनिटर असतील तर --बस आणि डिटेक्टमध्ये आय२सी बसपुढे दिसलेला क्रमांक द्या. सगळे मॉनिटर शोधण्याचा वेळ वाचतो, फरक लगेच जाणवतो. तरीही ही वाहिनी संथ आहे. प्रत्येक संदेशानंतर मॉनिटरला काही दहा मिलिसेकंद द्यावेच लागतात. उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारी स्क्रिप्ट लिहिणार असाल तर काही मिनिटांनी एकदा आणि किंमत खरोखर बदलली असेल तेव्हाच लिहा.

८. कार्डाची वीज आणि पंखा

एनव्हिडियासाठी आधी मर्यादा पाहा: एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी पॉवर, यात शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. किमान आणि कमाल वॅट दिसतील. मग:

सूडो एनव्हिडिया-एसएमआय -पीएम १

सूडो एनव्हिडिया-एसएमआय -पीएल १५०

१५० हा आकडा तुमच्या मर्यादेत बसेल असा घ्या. पहिली ओळ टाळू नका: तिच्याविना, कार्ड कोणी वापरत नसताना ड्रायव्हर उतरतो आणि मर्यादा पुसली जाते. लॅपटॉपच्या कार्डांवर ही सोय अनेकदा बंद असते.

एएमडीवर फाइली आहेत, /सिस/क्लास/डीआरएम मधल्या कार्डाच्या फोल्डरात, डिव्हाइस/एचडब्ल्यूमॉन खाली. ‘पॉवर१_कॅप’ मायक्रोवॅटमध्ये, म्हणजे १५० वॅटसाठी १५०००००००. शून्यं मोजून घ्या. ‘टेम्प१_इनपुट’ अंशाच्या हजाराव्या भागात, ६२००० म्हणजे ६२ अंश. पंख्यासाठी ‘पीडब्ल्यूएम१_एनेबल’ला १ दिलं की ताबा तुमच्याकडे, २ दिलं की परत कार्डाकडे. १ देऊन स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर पंखा त्याच वेगावर राहतो आणि कार्ड तापत जातं. म्हणून स्क्रिप्ट कशीही संपली तरी २ लिहिलं जाईल अशी ‘ट्रॅप’ची ओळ आधी लिहा, वेगाची नंतर.

९. रीबूटनंतरही टिकावं म्हणून

मॉनिटर आपली सेटिंग्ज बहुधा स्वतः लक्षात ठेवतो, लॅपटॉपचा ब्राइटनेस सिस्टमडी (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) जपतो. एक्सरँडआरच्या ओळी होम फोल्डरमधल्या .एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाका. लॉगिनच्या आधीपासून ठरावीक मोड हवा असेल तर बूटच्या ओळीत व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०@६०; इथे नाव कर्नलचं, म्हणजे दुसऱ्या पायरीतलं.

एसएसएचवरून एक्सरँडआर चालवताना ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ आलं तर डिस्प्ले हे चल (व्हेरिएबल) मोठ्या अक्षरांत :० करून द्या. तरीही नकार आला तर एक्सऑथॉरिटी चलात लॉगिन केलेल्या माणसाच्या फाइलचा पत्ता द्यावा लागतो.

कार्डाच्या मर्यादा सिस्टमडीच्या वनशॉट, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या, सेवेत ठेवा. तिथे कार्ड० किंवा एचडब्ल्यूमॉन३ असे पत्ते लिहू नका, हे क्रमांक पुढच्या बूटला बदलू शकतात. एलएसपीसीआयच्या ओळीच्या सुरुवातीला दिसणारा पत्ता घ्या, तिथे ०३:००.० असेल तर /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/००००:०३:००.०, आणि एचडब्ल्यूमॉनच्या पुढे आकड्याऐवजी तारा लिहा. त्यासाठी सेवेतली कमांड शेलमधून, म्हणजे /बिन/एसएच -सी नं चालवा, कारण सिस्टमडी स्वतः ताऱ्याचा अर्थ लावत नाही.